पोर्टेबल स्पीकर नेमका किती वाजतो? मोबाईल डीजेंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हळद, साखरपुडा, बारसं, सोसायटीचा गणपती, कर्जतच्या फार्महाऊसवरचा वाढदिवस. अशा ऑर्डरी घेणाऱ्या आणि सगळं सामान स्वतःच्या गाडीच्या डिकीत घालून निघणाऱ्या डीजेंसाठी हे पान आहे. छोटा हत्ती भरून टॉप आणि बेस नेणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, ते इथे नाही. स्पीकर घेताना सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: ‘वाजतो किती?’ आणि नेमकं त्याचंच उत्तर खोक्यावर धड लिहिलेलं नसतं.

एकावर १००० वॉट लिहिलंय, दुसऱ्यावर २५०. पहिला चौपट वाजणार ना?

नाही. सगळं सारखं धरलं तरी चौपट वॉटने फरक पडतो ६ डेसिबलचा. वॉट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात आणि ३ डेसिबल म्हणजे कानाला ‘हो, जरा वाढलाय’ इतकंच. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॉट दहापट लागतात.

पण सगळं सारखं नसतंच. वॉट हा स्पीकरला मिळणाऱ्या विजेचा आकडा आहे. त्या विजेतून आवाज किती निघतो हे सेन्सिटिव्हिटी सांगते, म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल येतात ते. एका स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ९७ आणि त्याला २०० वॉट, दुसऱ्याची ९१ आणि त्याला ८०० वॉट, असं धरा. हिशोब केला तर दोघेही १२० डेसिबलवरच पोचतात. चौपट वॉटचे पैसे मोजून हाती काहीच जास्त येत नाही, बॅटरी मात्र लवकर संपते.

पीएमपीओ लिहिलेलं असेल तर तो आकडा वाचूच नका. त्या मोजणीला कसलंही बंधन नाही. हातात मावणाऱ्या डब्यावरही हजारोंनी पीएमपीओ छापलेला दिसतो. आरएमएस किंवा कंटिन्युअस (म्हणजे सतत देता येणारी ताकद) लिहिलं असेल तर त्याला थोडाफार अर्थ आहे. ‘पीक’ (क्षणभराचा आकडा) लिहिलं असेल तर खरा आकडा निम्मा किंवा त्याहून कमी समजा.

मग कोणता आकडा बघायचा?

मॅक्स एसपीएल, म्हणजे १ मीटरवर जास्तीत जास्त किती डेसिबल. पण त्याच्या शेजारी काय लिहिलंय तेही बघायचं, कारण खरी मेख तिथे असते. आकडा पीकचा आहे की कंटिन्युअसचा? प्रत्यक्ष मोजलेला आहे की सेन्सिटिव्हिटी आणि वॉट यांची नुसती बेरीज आहे?

बोस एस१ प्रोच्या माहितीपत्रकात दोन्ही आकडे आहेत: कंटिन्युअस १०३, पीक १०९. यामाहा डीबीआर१२च्या १३१ डेसिबलपुढे तो पीक असल्याचं कंपनीने लिहिलेलं आहे. बऱ्याच कंपन्या मात्र मोठा आकडा छापतात आणि तो कसा आला याबद्दल गप्प बसतात. पार्टी स्पीकरच्या खोक्यांवर तर बहुतेक वेळा डेसिबल नसतातच; वॉट आणि लाइटचे रंग असतात.

पीक म्हणजे ढोलाच्या एका टिपरूचा क्षणभराचा ठोका. गाण्याची सरासरी पातळी त्याच्या बरीच खाली असते. आजकालचे रिमिक्स दाबून भरलेले असतात, त्यांच्यात हा फरक ८ ते १० डेसिबलचा. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये १४-१५ सुद्धा. म्हणून १२० पीकचा स्पीकर गाणं वाजवताना सरासरी ११० द्यायला लागला तरी भरून पावलात असं समजा. जुनं गाणं लावल्यावर ‘आवाज का कमी केला?’ अशी ओरड होते तिचं कारणही हेच. ट्रिम, म्हणजे प्रत्येक गाण्याची पातळी जुळवायचं मिक्सरवरचं बटण, हाताशी ठेवा.

कागदावर कोण किती वाजतो?

डिकीत बसणाऱ्यांपैकी काही, कंपन्यांच्याच आकड्यांप्रमाणे: बोस एस१ प्रो १०९ पीक, जेबीएल ईऑन वन कॉम्पॅक्ट ११२, इलेक्ट्रो-व्हॉइस एव्हर्स ८ हा १२१, डेन्मार्कचा साउंडबॉक्स जेन ३ हा १२६. हे सगळे बॅटरीवर चालतात. नुसत्या विजेवर चालणाऱ्यांत क्यूएससी सीपी८ हा १२४, यामाहा डीबीआर१२ हा १३१ आणि क्यूएससी के१२.२ हा १३२.

ही यादी क्रमवारी म्हणून वाचू नका. ईऑन वन कॉम्पॅक्ट आणि एव्हर्स ८ दोघांनाही ८ इंची वूफर (बेस वाजवणारा मोठा पडदा) आहे, वजनही दोघांचं ८ किलोच्या आसपास, तरी कागदावर ९ डेसिबलचा फरक. त्यातला काही खरा असेल, काही मोजण्याच्या पद्धतीचा. पद्धत एकच असती तर हा प्रश्न उरला नसता. तशी एक पद्धत आता आहे: ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीचं एईएस ७५-२०२२ हे मानक. संगीतासारखा चढउतार असलेला एक ठरावीक आवाज लावायचा आणि स्पीकर विकृती न आणता कुठवर जातो ते मोजायचं. डिकीतल्या स्पीकरच्या माहितीपत्रकात या मानकाचं नाव अजून क्वचितच भेटतं.

साउंडबॉक्सचा आकडा आणखी एका कारणाने बघण्यासारखा आहे. त्याचा अँप्लिफायर फक्त २१६ वॉटचा आहे. कमी विजेत जोरात वाजतील असे वूफर आणि हॉर्न (वरच्या सुरांचा भोंगा) वापरून त्याने १२६ गाठले. हजार वॉटचं स्टिकर लावलेले कितीतरी ट्रॉली स्पीकर त्याच्या आसपासही पोचत नाहीत.

१ मीटरवरचे डेसिबल लॉनच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत किती उरतात?

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. २ मीटरवर ६ गेले, ४ मीटरवर १२, ८ वर १८, १६ वर २४. कंपनी कोणतीही असो, हे टळत नाही.

दोन उदाहरणं घेऊ. १ मीटरवर सरासरी १०३ देणारा छोटा बॅटरी स्पीकर ८ मीटरवर ८५ वर येतो. नाचणारी, ओरडणारी, शिट्ट्या मारणारी तीस-चाळीस माणसं स्वतःच ऐंशीच्या वर आवाज करतात, त्यामुळे आठव्या मीटरवर गाणं आणि गोंगाट यांची बरोबरी होते. दुसरा स्पीकर सरासरी ११८ देणारा, १२ इंची. ८ मीटरवर तो १०० आणि १६ मीटरवर ९४ देतो. तिथे माणूस नाचेल.

बंद हॉलमध्ये हा हिशोब इतका कडक नसतो. भिंती आवाज परत पाठवतात, त्यामुळे काही अंतरानंतर पातळी फारशी पडत नाही. पण पत्र्याच्या शेडच्या मंगल कार्यालयात परत येणारा आवाज इतका असतो की डेसिबल भरपूर आणि शब्द एकही कळत नाही. तिथे जास्त वाजणारा स्पीकर उपयोगाचा नाही. दोन लहान स्पीकर माणसांच्या जवळ लावून प्रत्येकाचा आवाज कमी ठेवलेला बरा. गच्ची याच्या उलट. वर आकाश, चारही बाजू मोकळ्या, कुठूनच काही परत येत नाही. दिवाणखान्यात भिंती हलवणारा स्पीकर गच्चीवर केविलवाणा वाटतो तो यामुळे.

नाचायला किती डेसिबल लागतात?

माझ्या मते घरगुती कार्यक्रमात नाचणाऱ्यांच्या मधोमध ९२ ते ९६ पुरतात. ९८च्या वर गेलं की आत्या आणि मावश्या खुर्च्या मागे सरकवायला लागतात. बोलण्यासाठी, म्हणजे सूत्रसंचालन, उखाणे, केक कापण्याच्या घोषणा वगैरेंसाठी, ७५ ते ८० भरपूर झाले, फक्त माइक स्वच्छ हवा.

सुरुवातीला दणका देणारा छोटा स्पीकर पूर्ण वाढवल्यावर पातळ आणि कर्कश का होतो?

‘किती वाजतो’ या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

बेस म्हणजे हवा ढकलणं. १०० हर्ट्झचा सूर एका पातळीवर वाजवायला वूफरचा पडदा जितका पुढेमागे हलतो, त्याच्या चौपट हलला तर ५० हर्ट्झचा सूर तितक्याच जोरात येतो. ८ इंची पडद्याला एवढी जागाच नसते. १२ इंचीचं क्षेत्रफळ त्याच्या सव्वादोनपट, १५ इंचीचं साडेतीनपट, त्यामुळे त्यांना कमी हलून भागतं. छोट्या स्पीकरचे इंजिनिअर मग एक चलाखी करतात. आवाज कमी असताना आतला प्रोसेसर बेस भरभरून देतो. तुम्ही व्हॉल्यूम वाढवत गेलात की वूफर वाचवण्यासाठी तोच प्रोसेसर बेस गुपचूप काढून घेतो. अर्ध्यावर ऐकलेला स्पीकर आणि पूर्णावर ऐकलेला स्पीकर हे दोन वेगळे स्पीकर असतात. मीटरवर डेसिबल चढत जातात, पण ते वरच्या सुरांचे. ठेका तिथेच राहतो आणि पाय थांबतात.

तुम्ही काय वाजवता यावरही बरंच आहे. हलगी, ताशा, बेंजो यांचा जोर मधल्या आणि वरच्या सुरांत असतो. कोळीगीत किंवा हलगीचा ट्रॅक ८ इंची स्पीकरवर चांगला कडाडतो, वीस मीटरवरचा माणूसही मान वळवतो. त्याच स्पीकरवर ५०-६० हर्ट्झचा किक असलेला क्लब रिमिक्स लावा. सगळी ताकद त्या किकमध्ये जाते, प्रत्येक ठोक्याला गायकाचा आवाज दबतो आणि परत येतो, पंप मारल्यासारखा. स्पीकर खराब झालेला नसतो, लिमिटर, म्हणजे स्पीकर वाचवण्यासाठी आवाज दाबणारी आतली सोय, आपलं काम करत असतो. अशा वेळी बेसचं बटण वर नेणं हा सर्वात वाईट उपाय. उलट मिक्सरवर लो दोन-तीन घर खाली आणा. ४५ हर्ट्झच्या खालचं काढता येत असेल तर ते काढाच; हा स्पीकर तिथलं वाजवतच नव्हता, नुसता दमत होता. एकूण आवाज लगेच मोकळा होतो.

हळदीच्या ऑर्डरीत अर्धा वेळ हलगी-बेंजो आणि अर्धा वेळ रिमिक्स असतो. म्हणून पहिल्या तासात गिऱ्हाईक खूश आणि दहा वाजत आले की ‘डीजे, बेस कुठंय?’ असं होतं.

दुकानात ऐकून ठरवलं तर चालेल का?

रंग, वजन, हँडल, बटणं बघायला दुकानात जा. आवाज तिथे कळणार नाही. स्पीकर भिंतीला टेकून किंवा कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेला असतो आणि तिथे बेस आपोआप फुगतो. शिवाय विक्रेता नेहमी तेच गाणं लावतो ज्यात तो स्पीकर उजळून निघतो. स्वतःची गाणी पेनड्राइव्हवर न्या आणि स्पीकर फुटपाथवर काढून वाजवू देतात का विचारा. सगळ्यात चांगलं म्हणजे एक दिवस भाड्याने घेऊन एखाद्या बिनपैशाच्या घरगुती कार्यक्रमात लावून बघा.

दोन स्पीकरची खरी तुलना कशी करायची?

मोकळं मैदान किंवा मोठी गच्ची बघा, वारा पडलेला असावा. दोन्ही स्पीकर एकाच उंचीच्या स्टँडवर लावा, तोंड एकाच दिशेला. ईक्यू (बेस-ट्रेबलची बटणं) सपाट, ‘बूस्ट’ छापाची सगळी बटणं बंद. मीटर समोर ४ मीटरवर, हॉर्नच्या उंचीला. आलेल्या आकड्यात १२ मिळवलेत की १ मीटरचा अंदाजे आकडा मिळतो. थेट १ मीटरवर मोजू नका. तिथे मीटर वूफरसमोर की हॉर्नसमोर यावर आकडा नाचतो. आजूबाजूचा आवाज तुमच्या मोजणीपेक्षा निदान १० डेसिबल कमी हवा, नाहीतर तुम्ही रस्ता मोजताय.

पिंक नॉइज लावा. तो सगळ्या सप्तकांत सारखी ताकद असलेला सळसळाट असतो, मोबाईलवर सहज मिळतो. मिक्सरवर ३-३ डेसिबलने वाढवत जा आणि दर वेळी मीटर बघा. मीटरही ३ ने चढतोय तोवर स्पीकर प्रामाणिक आहे. मिक्सर ३ ने वाढवला आणि मीटर एकनेच हलला की लिमिटर आलाय. तिथून पुढचा व्हॉल्यूम फक्त बटणावर उरतो. त्या आधीचा आकडा लिहून ठेवा. तुमच्या स्पीकरचा वापरण्याजोगा कमाल आवाज तोच, माहितीपत्रकात काहीही छापलेलं असो.

पिंक नॉइजवर हे झालं की तीन गाणी लावा: एक हलगी किंवा ताशाचं, एक जड किकचं, एक नुसत्या आवाजाचं. लिमिटरच्या जरा खाली ठेवून चालत चालत २० मीटर मागे जा. बाजूलाही जा. काही स्पीकर समोर झकास वाजतात आणि तीस अंश बाजूला गेलं की शब्द गायब होतात. हॉलमध्ये निम्मी माणसं बाजूलाच बसतात. शेवटी किकच्या गाण्यावर पाच मिनिटं तसंच राहू द्या. व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारं तारेचं वेटोळं) तापल्यावर बरेच स्पीकर दोन-तीन डेसिबल खाली येतात, तेही कळेल.

शेजाऱ्यांना आधी सांगा. पिंक नॉइज ऐकून टाकी फुटली समजून लोक वर धावत येतात.

मोबाईलचं ॲप चालेल?

दोन स्पीकरची आपापसात तुलना करायला, तोच फोन आणि तेच अंतर ठेवलं तर, चालेल. खरा आकडा काढायला भरवसा कमी. शंभरच्या आसपास गेलं की अनेक फोनचे माइक स्वतःच दबतात आणि खालचे सूर तर ते आधीच कापत असतात. आयफोनमध्ये माइक मॉडेलप्रमाणे सारखे असतात, म्हणून तिथे बरी परिस्थिती आहे. एनआयओएसएच या अमेरिकी सरकारी संस्थेचं मोफत ॲप आयफोनसाठी आहे. वर्षाला चार-पाच ऑर्डरी असतील तरी साधा डेसिबल मीटर विकत घेऊन ठेवा.

मीटरवर ए आणि सी अशा दोन सोयी असतात. ए कानासारखं ऐकतो, ५० हर्ट्झचा सूर तो तब्बल ३० डेसिबल कमी मोजतो. सी तोच सूर जवळजवळ पूर्ण मोजतो. एकच गाणं दोन्हींवर मोजा. सीचा आकडा एपेक्षा १०-१२ ने जास्त आला तर बेस आहे. फरक तीन-चारच असेल तर स्पीकर नुसता ओरडतोय. दोन स्पीकरमध्ये खरा दणका कोणात, हे या वजाबाकीतून पटकन कळतं.

एक मोठा घेऊ की दोन छोटे?

दोन सारखे स्पीकर म्हणजे ३ डेसिबल जास्त. अगदी शेजारी लावले तर बेसमध्ये ६ पर्यंत. म्हणजे १०९चे दोन मिळून ११५च्या वर जात नाहीत, १२१ला तर नाहीच. पण दोन असले की जागा नीट भरते, पहिल्या रांगेचे कान वाचतात आणि एक बंद पडला तरी कार्यक्रम चालू राहतो. पैसे तेवढेच असतील आणि जागा रुंद असेल तर दोन. नाचणाऱ्यांना बेस हवा असेल तर दोन ८ इंचींपेक्षा एक १२ इंची, त्यात माझं मत पक्कं आहे.

स्टँडवर की जमिनीवर?

स्टँडवर, हॉर्न उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर. जमिनीवर ठेवलं की बेस वाढतो हे खरं, पण वरचे सूर पहिल्या रांगेच्या कपड्यांत आणि पोटांत जिरून जातात, मागच्यांना फक्त धप-धप मिळतं. पंधरा-वीस जण, सगळे जवळ, अशी मैफल असेल तर जमीन आणि मागे भिंत चालेल. बॅटरी संपत आली असेल तर भिंतीचा आधार हा फुकटचा बेस आहे.

‘१२ तास बॅटरी’ खरी असते का?

खरी असते, पण त्या आवाजावर कोणी नाचत नाही. साउंडबॉक्सचेच आकडे बघा: मध्यम आवाजावर ४० तास, पूर्ण आवाजावर ५. कंपनीने दोन्ही सांगितले हे चांगलं. बाकी ठिकाणी स्वतः भागाकार करा. बॅटरी ७२ वॉट-तासांची असेल आणि ती १२ तास चालायची असेल, तर सरासरी ६ वॉट वाट्याला येतात. बारशाच्या पाळण्याला ठीक आहे.

काही पार्टी स्पीकर बॅटरीवर असताना मुळात कमीच वाजतात, पूर्ण ताकद वायर लावल्यावर मिळते. चार्ज उतरत गेला की आणखी कमी. म्हणून वर सांगितलेली चाचणी बॅटरी तीस टक्क्यांवर असताना पुन्हा करा. रात्री साडेनऊला, ऐन रंगात, तुमच्याकडे तीच बॅटरी असणार आहे.

स्पीकर फाटतोय, पण व्हॉल्यूम तर निम्माच आहे. असं का?

मिक्सर लाल आहे. डीजे कंट्रोलरचा मास्टर लाल दिव्यात गेला की फाटलेला आवाज आत शिरतो, स्पीकर तो इमानेइतबारे मोठा करतो आणि दोष त्याच्यावर जातो. मास्टर पिवळ्याच्या आत ठेवा आणि उरलेलं स्पीकरच्या गेनवर, म्हणजे आत येणारा सिग्नल वाढवणाऱ्या बटणावर, करा. पायोनिअर डीडीजे-एफएलएक्स४सारख्या कंट्रोलरला मास्टर बाहेर काढायला आरसीएच (लाल-पांढऱ्या पिनांची जोडणी) असतं, त्यातून येणारा सिग्नल एक्सएलआरवाल्या (तीन पिनांच्या जोडणीच्या) मोठ्या कंट्रोलरपेक्षा हलका. तिथे गेन जास्त उघडावा लागतो आणि ते बिनधास्त उघडा.

ब्लूटूथवर डीजेगिरी करू नका. आवाज इतका उशिरा येतो की बीट जुळवणं अशक्य, आणि वरातीच्या मध्यात काकांचा फोन आला की सगळ्या मांडवाला रिंगटोन ऐकू जाते.

कायद्याने किती वाजवता येतं?

ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० देशभर लागू आहेत, महाराष्ट्रात आणि गोव्यातही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागाची ६५ आणि ५५. सरकारने जाहीर केलेल्या शांतता क्षेत्रात, म्हणजे रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं यांच्या भोवतीच्या किमान १०० मीटरमध्ये, ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातले काही दिवस, जास्तीत जास्त १५, मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. आपल्याकडे ते दिवस बहुतेक गणपती-नवरात्रात खर्ची पडतात. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि ती यजमानाने काढली आहे का हे ऑर्डर घेतानाच विचारा.

हे आकडे ‘जागेच्या हद्दीवर’ मोजायचे असतात, स्पीकरसमोर नाही. खासगी जागेच्या हद्दीवर भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलच जास्त चालतात. सार्वजनिक जागेत १० जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. निवासी भागातल्या बंगल्याच्या कुंपणावर संध्याकाळी ६० म्हणजे काय, हे वरच्या अंतराच्या हिशोबात घालून बघा: नाचणाऱ्यांमध्ये, स्पीकरपासून ४ मीटरवर ९४ हवे असतील तर उघड्यावर सरळ रेषेत ६० व्हायला दोनशे मीटर लागतात. एवढं अंगण कोणाचंच नसतं. म्हणून स्पीकरची पाठ शेजाऱ्यांकडे करा. वरचे सूर मागे फार कमी जातात, पण बेस चारही बाजूंना जातो, त्यामुळे तक्रार बहुतेक वेळा बेसचीच येते. सोसायटीच्या कार्यक्रमात सब (फक्त बेसचा वेगळा स्पीकर) नेऊच नका, असं मी सरळ सांगतो.

आणि माझे स्वतःचे कान?

एनआयओएसएचच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलवर दिवसाला ८ तास सुरक्षित. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९४ला एक तास, १००ला पंधरा मिनिटं. पाहुणे येऊन-जाऊन असतात, तुम्ही चार तास तिथेच. टेबल स्पीकरच्या मागे लावा आणि इअरप्लग वापरा. कापसाचे बोळे नकोत, त्यांनी फार काही थांबत नाही.

माझ्या ऑर्डरीला नक्की कोणता पुरेल?

घरात किंवा छोट्या हॉलमध्ये तीसेक माणसं, बारसं, डोहाळेजेवण: ८ इंची बॅटरीवाला एक स्पीकर, १०९ ते ११२ पीकचा. त्यात माइकही भागतो.

गच्चीवरची हळद, पन्नास-साठ जण: १२०च्या पुढचा एक किंवा वरच्यासारखे दोन, आणि बेसबद्दल आधीच यजमानाशी बोलून घेतलेलं बरं. फार्महाऊसचं लॉन, शंभर माणसं: बॅटरीचा नाद सोडा, १२ इंची अॅक्टिव्ह (आतच अँप्लिफायर असलेल्या) स्पीकरची जोडी आणि जनरेटर किंवा पक्कं वीज कनेक्शन. त्याहून मोठं असेल तर ऑर्डर घ्या, पण सेटअप साउंडवाल्याकडून भाड्याने आणा.

वरात? चालत्या वरातीत चारही बाजू मोकळ्या, हॉर्न, फटाके, ट्रॅफिक. डिकीतल्या स्पीकरने तिथे हात दाखवू नये. बेंजोवाल्यांना बोलवा.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे स्पीकर एकत्र लावले तर आवाज वाढतो का?

वाढेलच असं नाही. प्रत्येकाचा आतला प्रोसेसर आवाज थोडा उशिरा सोडतो आणि तो उशीर दोघांचा वेगळा. शेजारी लावले तर काही सूर एकमेकांना खातात, बहुतेकदा बेसच. लावायचेच असतील तर लांब लांब लावा, एक नाचण्याच्या जागेला आणि दुसरा जेवणाच्या बाजूला, कमी आवाजात. शेजारी ठेवणं भागच असेल तर एकाचं फेज बटण (पडद्याची हालचाल उलटी करणारं) उलटं करून मोनोमध्ये किकचं गाणं ऐका आणि ज्या बाजूला बेस जास्त येतो तिथे बटण सोडून द्या.